मुखपृष्ठ काढून टाकले की विनोद उरत नाही

प्रति,
मा. संपादक,

विषय : विनोदी नियतकालिकांची विडंबनात्मक मुखपृष्ठे आणि ग्रंथालयांतील बांधणी

महोदय,

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या विनोदी नियतकालिकांविषयीचा लेख वाचला. विनोदी कथा, वात्रटिका आणि आतील व्यंगचित्रे यांविषयी लेखकाने आस्थेने आणि नेमके लिहिले आहे. मात्र एखाद्या गंभीर मासिकाचे, वर्तमानपत्राचे किंवा जाहिरातीचे रूप घेऊन काढलेल्या मुखपृष्ठांकडे वळताच त्यांनी त्या सगळ्या प्रकाराची बोळवण उसनी नक्कल म्हणून केली आहे, आणि चित्रकाराला स्वतःचे काही सुचेनासे झाले की तो असल्या वाटेला जातो, असा निष्कर्षही काढला आहे. मी वागळे इस्टेटमधील एका छापखान्यात चौतीस वर्षे पेस्टअपचे, म्हणजे टाइप आणि चित्रांचे तुकडे चिकटवून पान जुळवण्याचे, आणि निगेटिव्हवरील रिटचिंगचे, म्हणजे दुरुस्तीचे काम केले. दुसऱ्याच्या पानासारखे पान जुळवायचे म्हणजे काय असते, हे हातांनी अनुभवलेले असल्यामुळे तो निष्कर्ष मला पटला नाही. शिवाय आपल्याकडील ग्रंथालयांच्या संदर्भात एक गोष्ट बरीच वर्षे मनात साचून राहिली आहे. तिचा या मुखपृष्ठांशी थेट संबंध असल्यामुळे तीही येथे मांडतो.

आमच्या लहानपणी नौपाड्यातील चाळींमधून बहुरूपी फिरत असत आणि त्यांतला एक हमखास पोलीस होऊन येई. खाकी कपडे, कमरेचा पट्टा, टोपी, हातात कसलासा कागद असा थाट करून तो दारात उभा राहिला आणि तुमच्या नावाचे वॉरंट आहे म्हणून दरडावू लागला, की घरातले माणूस क्षणभर खरोखर दचके. वॉरंटाचे कारण ऐकल्यावर मग हसू फुटे. त्याचा पट्टा किंवा टोपी जराशी जरी हलकी वाटली असती तरी कोणी दचकले नसते, आणि जो दचकला नाही तो त्या कारणाला हसलाही नसता. विडंबनात्मक मुखपृष्ठाचा सगळा खेळ या क्षणभराच्या दचकण्यावर चालतो. पुस्तकांच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला हे आपल्या ओळखीचे, प्रतिष्ठित मासिक आहे असे आधी वाटले पाहिजे आणि हात पुढे केल्यावर त्याच्या लक्षात आले पाहिजे, की आपण फसलो. त्यासाठी शीर्षकाचा टाइप, त्याभोवतीची चौकट, तारखेची ओळ, किमतीची जागा, मोकळ्या सोडलेल्या पांढऱ्या पट्ट्याची रुंदी या सगळ्या गोष्टी मुळाबरहुकूम आणि एकच गोष्ट बिघडवलेली, असे पान लागते. ती एक गोष्ट कोणती बिघडवायची हे ठरवण्यात चित्रकाराची बुद्धी असते आणि बाकीचे सारे न बिघडवण्यात आमच्यासारख्यांची मेहनत.

हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते न्यूयॉर्कहून १९५२ साली निघू लागलेल्या ‘मॅड’ या विनोदी नियतकालिकामध्ये. विल्यम गेन्स हे त्याचे प्रकाशक आणि हार्वे कर्ट्झमन हे पहिले संपादक. आरंभीचे २३ अंक म्हणजे दहा सेंटांचे रंगीत कॉमिक होते. जुलै १९५५ च्या २४व्या अंकापासून ते पंचवीस सेंटांचे, मोठ्या आकाराचे आणि आतून एकरंगी नियतकालिक झाले. मूळचे कॉमिक-अंक माझ्या हाती कधी आले नाहीत. सत्तरच्या दशकात मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर जे मिळत ते नंतरचे अंक असत, तेही पहिल्या मालकाने कोपरे दुमडलेले. सुरुवातीची मुखपृष्ठे मी पुढे पुनर्मुद्रणांत पाहिली. पण पाहिली ती भिंग घेऊन पाहिली, आणि त्यांतल्या तीन-चारांविषयी लिहिल्यावाचून माझे म्हणणे पूर्ण होणार नाही.

मे १९५४ च्या ११व्या अंकाने ‘लाइफ’ या त्या काळी अमेरिकेत घरोघरी जाणाऱ्या छायाचित्रप्रधान साप्ताहिकाचे रूप घेतले होते. ‘लाइफ’ची ओळख म्हणजे डाव्या कोपऱ्यातील लाल चौकट आणि तिच्यातील जाड पांढरी अक्षरे, त्या चौकटीत ‘मॅड’ची अक्षरे बसवली होती. एरवी जिथे एखादी देखणी नटी असायची तिथे महिन्याची सुंदर मुलगी म्हणून बेसिल वुल्व्हरटन यांनी काढलेला एक चेहरा होता, आणि तो इतका भीषण होता की त्याचे वर्णन न करणेच बरे. गंमत अशी, की याच वुल्व्हरटन यांनी १९४६ साली एका लोकप्रिय चित्रमालिकेतील जगातल्या सर्वांत कुरूप स्त्रीचे चित्र काढण्याची स्पर्धा जिंकली होती. परीक्षक होते बोरिस कार्लोफ, फ्रँक सिनात्रा आणि साल्वादोर दाली, आणि ते विजयी चित्र छापून आले होते ते ‘लाइफ’मध्येच. ज्या साप्ताहिकाने त्यांना आतल्या पानावर घेतले, त्याच्याच मुखपृष्ठावर आठ वर्षांनी ते दुसऱ्या दाराने येऊन बसले. सुचेनासे झालेल्या माणसाचे हे काम आहे असे म्हणणे मला तरी धार्ष्ट्याचे वाटते.

पुढच्याच महिन्यातील १२व्या अंकावर चित्र मुळीच नव्हते. एखाद्या भारदस्त वाङ्मयीन मासिकाप्रमाणे नुसता टाइप, रेघा आणि भरपूर गांभीर्य. भुयारी रेल्वेत कॉमिक वाचताना ज्यांना लाज वाटते त्यांच्यासाठी हा अंक असा सजवला आहे, तो तोंडासमोर धरला की आपण काहीतरी उच्च दर्जाचे वाचत आहोत असे शेजाऱ्यांना वाटेल, अशा आशयाचा खुलासा त्या मुखपृष्ठावरच छापला होता. ठाण्याहून सकाळच्या जलद लोकलने गेलेल्या कोणालाही हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही. इंग्रजी दैनिकाच्या घडीत सिनेमाचे मासिक ठेवून वाचणारे गृहस्थ आमच्या डब्यातही होते आणि दैनिकाचे पान ते कधीच उलटत नसत, एवढ्यावरून ते ओळखू येत. चित्रकाराची मदत न घेता निव्वळ जुळणीतून हसवणारे असे मुखपृष्ठ मला आजही फार मोठी गोष्ट वाटते. त्यातला टाइप एका पॉइंटाने जरी मोठा घेतला असता तरी ते ओरडून सांगितल्यासारखे झाले असते.

ऑक्टोबर १९५४ च्या १६व्या अंकाने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचे रूप घेतले आणि कॉमिके भूमिगत झाल्याची ठळक बातमी दिली. त्यामागची परिस्थिती ठाऊक नसेल तर ते पान नुसते गमतीदार वाटते. त्या वर्षी कॉमिकांमुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात असा गदारोळ अमेरिकेत उठला होता. फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाने त्यावर पुस्तक लिहिले होते, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या होत्या, २१ एप्रिल रोजी गेन्स यांची साक्ष होऊन वर्तमानपत्रांत त्यांची शोभा झाली होती, आणि वर्षाच्या अखेरीस कॉमिक-प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. ज्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आपली निंदा छापून येत होती, त्या पानाचाच मुखवटा चढवून त्या कॉमिकाने उत्तर दिले. हे उत्तर अग्रलेखासारखा लेख लिहून देता आले असते; पण ते वाचले कोणी असते?

फेब्रुवारी १९५५ चा २०वा अंक शाळेच्या वहीसारखा होता. तिकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या पुठ्ठ्याच्या वह्या वापरतात, तसे हुबेहूब मुखपृष्ठ, म्हणजे वर्गात बाकावर उघडा ठेवला तरी मास्तरांना संशय येणार नाही. आपल्याकडे हेच करायचे झाले तर तपकिरी कागदाचे वेष्टन आणि त्यावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय अशा चार ओळींचे लेबल पुरेल, आणि त्या लेबलाची एक कड सुटलेली दाखवायला विसरता कामा नये. त्यानंतरचा २१वा अंक टपालाने चिल्लर गमतीच्या वस्तू विकणाऱ्या बारीक अक्षरांतील जाहिरातींनी भरलेला होता, आणि त्या गर्दीत कुठेतरी दात पडलेल्या, निर्धास्त हसणाऱ्या एका पोराचा चेहरा होता. तोच चेहरा डिसेंबर १९५६ च्या ३०व्या अंकावर नॉर्मन मिंगो यांनी मोठा करून रंगवला आणि तो त्या नियतकालिकाची कायमची ओळख झाला. तो चेहरादेखील जुन्या पोस्टकार्डांतून आणि जाहिरातींतून आलेला होता, म्हणजे त्या अर्थी तोही उसनाच. पण आज मूळ जाहिराती कोणाच्या स्मरणात आहेत?

‘मॅड’ हे पहिले नव्हते. १९३१ साली नॉर्मन अँथनी यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ‘बॅलीहू’ने जाहिरातींचे विडंबन हाच आपला मुख्य धंदा केला होता. हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे ‘लॅम्पून’ हे विनोदी नियतकालिक तर १८७६ पासूनचे. त्यांनी प्रसिद्ध मासिकांच्या संपूर्ण प्रतिकृती काढल्या, ज्यांतली १९७२ ची ‘कॉस्मोपॉलिटन’ची प्रतिकृती बरीच गाजली. त्याच गोतावळ्यातून १९७० साली निघालेल्या ‘नॅशनल लॅम्पून’चे जानेवारी १९७३ चे मुखपृष्ठ, ज्यावर एका कुत्र्याच्या डोक्याला पिस्तूल लावून मासिक विकत घेण्याची धमकी दिली आहे, ते माझ्या मते कुठल्याही एका मासिकाचे विडंबन नसून अंक घ्या अंक घ्या म्हणून विनवणाऱ्या सगळ्याच मुखपृष्ठांचे आहे. आपल्याकडे हिंदीत ‘दीवाना’ साप्ताहिकाने हाच वारसा चालवला आणि त्यातील चिल्ली हे पात्र ‘मॅड’च्या त्या दात पडलेल्या पोराचे धाकटे भावंड आहे हे पाहताक्षणी कळत असे. नक्कल म्हणायचीच असेल तर तिला म्हणावी. तरी शाळेत असताना मी ती चार आठवडे उशिराने का होईना वाचत होतो.

नकलेचा आक्षेप थोडा ताणला की चोरीच्या आरोपापर्यंत पोचतो, म्हणून एक वाक्य कायद्याविषयी. ‘मॅड’ने लोकप्रिय गाण्यांची विडंबने छापली तेव्हा गीतकार-संगीतकार आयर्व्हिंग बर्लिन आणि इतरांनी खटला भरला आणि १९६४ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने विडंबनाच्या बाजूने कौल दिला, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमातही टीका आणि समीक्षा यांसाठी न्याय्य वापराची सवलत आहे.

आता एक स्वतःचा अनुभव. ऐंशीच्या दशकात आमच्या सोसायटीत शिमग्याला आम्ही दोघे-तिघे एक पत्रक काढीत असू. एका वर्षी ते एका मराठी दैनिकाच्या पहिल्या पानासारखे करायचे ठरले. मी छापखान्यातून उरलेले ब्रोमाइडचे, म्हणजे छपाईसाठीच्या फोटो-कागदाचे तुकडे आणले, शीर्षकाची अक्षरे हाताने काढली, आठ कॉलम आखले, कोपऱ्यात पंचांगाची आणि सोन्याच्या भावाची चौकट टाकली, तळाशी पुढील मजकूर पान पाचवर असेही लिहिले, जरी पान पाच अस्तित्वातच नव्हते. मुख्य बातमी अशी होती, की जलवाहिनीत मासा अडकल्यामुळे आमच्या रस्त्यावरील पाणीपुरवठा आठ दिवस बंद राहील आणि मासा स्वतःहून बाहेर येण्यास तयार होईपर्यंत नागरिकांनी सहकार्य करावे. सकाळी सात वाजता सूचनाफलकावर ते चिकटवले. नऊ वाजेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी बादल्या, पातेली, कुकर आणि बाळाचा टब असे सगळे भरून ठेवले होते, कारण त्यांनी वाचले होते ते फक्त शीर्षक. टाकीतले पाणी खरोखरच संपले आणि आमची बातमी दुपारपर्यंत खरी ठरली. सेक्रेटरींनी आम्हाला जे सुनावले ते वगळतो. सांगायचे ते हे, की त्या काकू मूर्ख नव्हत्या. आठ कॉलम, जाड शीर्षक आणि सोन्याचा भाव या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आपण विश्वास ठेवतो, आणि तो विश्वास मजकुरावर नसून मांडणीवर असतो. हे दाखवून देण्याचे काम विडंबनात्मक मुखपृष्ठ करते. आजकाल मोबाइलवर प्रतिष्ठित वृत्तपत्रांच्या नावाने बनावट कात्रणे फिरतात, तीही याच विश्वासावर चालतात. फरक एवढाच, की बहुरूपी शेवटी हात पुढे करून आपण बहुरूपी असल्याचे सांगतो आणि यांना ते सांगायचे नसते.

ठाण्याच्या वाचकांना तर हा प्रकार परका वाटू नये. लंडनचे ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक १८४१ साली निघाले आणि रिचर्ड डॉइल यांनी काढलेले त्याचे मुखपृष्ठ १८४९ पासून १९५६ पर्यंत जवळजवळ तसेच राहिले. शंभरांहून अधिक वर्षे न बदललेले असे दर्शनी पान म्हणजे विडंबनकारासाठी आयती पाटी. आपल्याकडे त्याची रूपे झपाट्याने निघाली. मुंबईत १८५४ साली ‘पारसी पंच’ निघाले आणि पुढे ते ‘हिंदी पंच’ झाले, लखनौत १८७७ साली ‘अवध पंच’ आले. लंडनचा नाकाड, कुबडा पंच ‘हिंदी पंच’मध्ये आला तो देशी वेषातला पंचोबा होऊन. शब्दाचीही मौज पाहावी: तिकडच्या कळसूत्री खेळातील दंगेखोर विदूषकाचे नाव इकडे येताच गावकीचा निवाडा करणाऱ्या पंचाशी जोडले गेले आणि विदूषकाला न्यायासनावर बसायला मिळाले, असे भाषांतर ठरवून कोणाला जमले नसते. आणि आपले ठाणे, जिथून १८६६ पासून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघत होते, तिथूनच ‘हिंदुपंच’ हे मराठी साप्ताहिकही निघत असे. म्हणजे दुसऱ्याचे नाव आणि रूप घेऊन आपले म्हणणे मांडण्याचा उद्योग या तलावांच्या गावात सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. त्या साप्ताहिकाचे दर्शनी पान पाहण्याची माझी फार इच्छा आहे, आणि तिच्यापायीच मी पुढे सांगणार आहे तो अनुभव मला आला.

त्याआधी मराठी मासिकांविषयी थोडेसे. मराठीत कवितेच्या विडंबनाला केशवकुमारांपासून मान आहे, पण मुखपृष्ठाच्या विडंबनाची वेगळी अशी दखल कोणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. याचे एक कारण असे असावे, की आपल्या विनोदी अंकांनी अमेरिकन पद्धतीने एखाद्या ठरावीक मासिकाचा मुखवटा क्वचितच चढवला. त्यांनी दिवाळी अंकाच्या रूढीलाच चिमटे काढले. हातात दिव्यांचे तबक घेतलेली सुंदरी ही ती रूढी. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी ती इतकी देखणी करून ठेवली होती, की विनोदी अंकाच्या मुखपृष्ठावर नुसता संसारी माणूस आला तरी वाचक मनातल्या मनात त्या सुंदरीशी तुलना करून हसे. शि. द. फडणीस यांचे ते गाजलेले मुखपृष्ठ, ज्यात तरुणाच्या बुशशर्टावर मांजरे आणि तरुणीच्या साडीवर उंदीर आहेत, ते मला या दृष्टीनेही महत्त्वाचे वाटते: रूढीतील तरुणी आहे, छान रंगसंगती आहे, आणि बिघडवलेली गोष्ट फक्त कापडावरच्या नक्षीत आहे. एक अक्षरही न लिहिता. वसंत सरवटे यांनी ‘ललित’च्या दिवाळी अंकांसाठी काढलेल्या मुखपृष्ठांत तर वर्षभरातील साहित्यव्यवहाराची झडती असे, आणि त्यातले अर्धे विनोद कळण्यासाठी त्या वर्षीची भांडणे माहीत असावी लागत.

मधुकर पाटकर यांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकाची खिडकी-चित्रे हा यातला खास मराठी प्रकार. पानाला एक खिडकी कापलेली असते, तिच्यातून पुढच्या चित्राचा एवढासाच भाग दिसतो, तो पाहून वाचकाच्या मनात नाही नाही ते येते, आणि पान उलटल्यावर दिसते की चित्र अगदी सोज्वळ आहे, मन मात्र आपले तसे नाही. हे करायचे म्हणजे पोलादी पट्टी वाकवून लाकडात बसवलेला डाय लागतो. छपाई आणि कटिंग यांचे रजिस्टर, म्हणजे दोन्हींची नेमकी जागा, जुळावे लागते, आणि कागद दोन मिलिमीटर सरकला तर सोज्वळ चित्राचे नको ते टोक आधीच दिसून सगळा प्रकार फुकट जातो. ‘मॅड’मध्ये अल जॅफी यांनी १९६४ साली घडी घालण्याचे, म्हणजे पान दुमडले की दुसरेच चित्र दिसणारे, चित्र सुरू केले, त्याची आठवण येथे होते. दुसऱ्या मासिकांतून त्या काळी महागडी, रंगीत, उलगडून पाहण्याची पाने निघत, त्यांची टर म्हणून त्यांनी उलगडण्याऐवजी दुमडायचे, साधे, एकरंगी पान काढले. ते असे मागच्या मुखपृष्ठाच्या आतील बाजूस. ही जागा लक्षात ठेवावी, कारण आता बाइंडरकडे जायचे आहे.

दोनएक वर्षांपूर्वी काही जुन्या मराठी मासिकांची मुखपृष्ठे पाहण्यासाठी मी एका ग्रंथालयात गेलो. कर्मचाऱ्यांनी अगत्याने बांधीव खंड काढून दिले. पुठ्ठा भक्कम होता, कापडाची पाठ होती, सोनेरी अक्षरांत वर्ष छापले होते. आत पहिलेच पान अनुक्रमणिकेचे. पुढचा अंक पुन्हा अनुक्रमणिकेपासून. बारा अंकांत एकही मुखपृष्ठ नाही, मागची पाने नाहीत, जाहिरातींची पाने नाहीत, आणि तिन्ही बाजू छाटल्यामुळे वरच्या कडेची अंकाची आणि किमतीची ओळ काही पानांवर अर्धी कापलेली. चौकशी केली तेव्हा कळले, की बांधणीला देताना मुखपृष्ठे काढून टाकण्याची पद्धतच होती: आर्ट पेपर खळीला नीट चिकटत नाही, त्याने खंड जाड होतो, आणि बांधणीचा दर जाडीवर असतो. मी त्या ग्रंथालयाला दोष देत नाही, कारण ही पद्धत जगभर चालत आली आहे, आणि माझ्या ओळखीच्या बाइंडरांनीही आयुष्यभर हेच केले. रद्दीच्या पोत्यात गेलेली ती मुखपृष्ठे मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि तेव्हा मलाही काही वाटले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

कथा किंवा लेख यांचे यात फारसे नुकसान होत नाही. विडंबनात्मक मुखपृष्ठाचे मात्र सर्वस्व जाते, आणि ते दुहेरी जाते. विनोदी अंकाचे मुखपृष्ठ गेले म्हणजे विडंबन गेले; पण ज्या गंभीर मासिकाचे ते विडंबन होते त्याचेही मुखपृष्ठ त्याच कात्रीने गेले, म्हणजे विडंबन कुठेतरी खासगी संग्रहात वाचले तरी ते कशाचे, हे पडताळण्याची सोय उरली नाही. ‘लाइफ’ची लाल चौकट कधीच न पाहिलेल्या माणसाला ‘मॅड’चा ११वा अंक म्हणजे एका कुरूप बाईचे चित्र एवढाच दिसणार. आपल्या पुरवणीतील त्या लेखकांना मराठीतील अशी मुखपृष्ठे नक्कल वाटली, त्याचे कारण कदाचित हेच असेल, की तुलनेसाठी मूळ रूपच त्यांच्यासमोर नव्हते. आता जुन्या खंडांचे स्कॅनिंग करून ते संगणकावर ठेवण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे, ते स्वागतार्हच आहे; परंतु स्कॅन होतात ते हेच छाटलेले खंड, आणि संगणकावर आलेला अंक पूर्ण आहे असे समजून पुढचे अभ्यासक त्यावरून लिहिणार.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. यापुढे बांधणीला देताना मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पाने अंकातच ठेवावीत, आणि खंड फारच जाड होत असेल तर सहा-सहा अंकांचे दोन खंड करावेत. स्कॅन करताना पानाच्या कडा चौकटीबाहेर जाऊ देऊ नयेत, कारण किमतीची आणि तारखेची ओळ तिथेच असते; ‘मॅड’ने तर पुढे आपल्या किमतीशेजारी स्वस्त असा शब्द छापून त्या ओळीचाच विनोद केला होता. आणि खिडकी-चित्रांच्या पानांचे दोनदा स्कॅनिंग करावे, एकदा मागचे पान जागेवर ठेवून आणि एकदा उघडून. मी पाहिलेल्या एका प्रतीत स्कॅन करणाऱ्याने पान नीट यावे म्हणून खिडकीमागे काळा कागद सरकवला होता. खिडकीत अंधार आणि पुढच्या पानावर एक निरागस गृहिणी लाटणे घेऊन उभी, असा तो विनोद आता कायमचा झाला आहे.

माझ्याकडे माळ्यावर तीन गठ्ठे आहेत. त्यांत साठ ते ऐंशीच्या दशकांतील विनोदी दिवाळी अंक, काही ‘मॅड’, थोडे ‘दीवाना’ आणि त्याच काळातील गंभीर मराठी मासिकेही आहेत, सर्व मुखपृष्ठांसह, कारण ती मी छापखान्यात नमुना म्हणून जपली होती. ठाणे किंवा नवी मुंबईतील एखाद्या ग्रंथालयाला अथवा कलाशिक्षण देणाऱ्या संस्थेला त्यांचे स्कॅनिंग करायचे असेल, तर मी ते आनंदाने देईन. आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहे. अंक नेताना यादीवर सही करावी आणि परत देताना एकाही अंकाच्या पिना काढलेल्या नसाव्यात, एवढी अट आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रण-कामगार
नौपाडा, ठाणे (पश्चिम)